जीवरसायनशास्त्र शिकले, आता मेंदू कसा घडतो ते शिकायचे आहे

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका तरुण वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव देत नाही. पत्राचा सारांश असा:

“मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात आहे. गेल्या वर्षी गर्भावस्थेत मेंदू कसा घडतो यावरचे एक व्याख्यान ऐकले आणि तेव्हापासून याच विषयात पीएच.डी. करायचे मनाने घेतले आहे. सीएसआयआर-नेट परीक्षेत सहायक प्राध्यापकपदाची पात्रता मिळाली, पण जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, थोडक्यात हुकली. गावाजवळच्या एका औषध कंपनीत गुणवत्ता नियंत्रण विभागात नोकरी मिळते आहे आणि त्यांना पंधरा दिवसांत होकार हवा आहे. बाबा पुढच्या वर्षी बँकेतून निवृत्त होतील. त्यांचे म्हणणे असे की, पाच वर्षे पीएच.डी., पुढे परदेशात आणखी काही वर्षे आणि शेवटी नोकरीची हमी नाहीच, हा कसला हिशेब? आत्या लग्नाचा विषय काढते. त्यात चेताविज्ञानाचा, म्हणजे मेंदू आणि चेतासंस्थेच्या शास्त्राचा, एकही पेपर मी शिकलेले नाही, आणि उंदीर मारावे लागतील या कल्पनेनेच मला कसेतरी होते. मी काय करावे?”

तुमच्या पत्रातल्या चिंतांपैकी तुम्ही जिला सर्वांत मोठी मानता, म्हणजे चेताविज्ञान शिकलेले नसणे, ती माझ्या मते सर्वांत लहान आहे. सर्वांत मोठी चिंता तुमच्या पत्रात लिहिलेलीच नाही. तुम्हाला या विषयाची ओढ आहे हे पत्राच्या ओळीओळीतून कळते, परंतु या विषयातले रोजचे काम तुम्हाला मानवेल की नाही, हे अजून तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही. एका चांगल्या व्याख्यानात वक्ता दहा-पंधरा वर्षांच्या कामातले निवडक निष्कर्ष तासाभरात मांडतो, पीएच.डी.च्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात ती उरलेली सगळी वर्षे. म्हणून नोकरी की पीएच.डी. हा निर्णय आज करूच नका. निदान एक वर्ष मेंदूच्या विकासावर काम करणाऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक म्हणून घालवा आणि त्या वर्षाच्या अखेरीस निर्णय करा. पुढे जे लिहितो आहे ते सारे या एका सल्ल्याच्या आधारासाठीच आहे.

आधी पार्श्वभूमीचा प्रश्न. भ्रूणाच्या मेंदूवरच्या संशोधनाने एक मोठे वळण घेतले ते एका जीवरसायनतज्ज्ञाच्या हातून. इटलीतील ट्यूरिनमध्ये रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९३८च्या वंशभेदी कायद्यांमुळे विद्यापीठातले काम सोडावे लागले, तेव्हा त्यांनी घरातल्या झोपायच्या खोलीत कोंबडीच्या अंड्यांवर प्रयोग सुरू केले. शिवणाच्या सुया घासून त्यांचीच हत्यारे केली. भ्रूणाच्या हातापायाचा अंकुर काढून टाकला तर त्या भागाला जोडल्या जाणाऱ्या चेतापेशी कमी का होतात, एवढाच त्यांचा प्रश्न होता. अमेरिकेतले भ्रूणतज्ज्ञ व्हिक्टर हॅम्बर्गर यांचे मत असे होते की त्या पेशी मुळात तयारच होत नाहीत. रीटा यांना दिसले की त्या तयार होतात आणि नंतर मरतात, म्हणजे त्यांना जगवणारे काहीतरी त्या अंकुरातून मिळत असले पाहिजे. १९४७ साली हॅम्बर्गर यांनीच त्यांना सेंट लुईसला बोलावून घेतले, आणि काही वर्षांत उंदराच्या एका अर्बुदातही, म्हणजे गाठीतही, तसाच परिणाम करणारा पदार्थ आहे असे आढळले. पण तो पदार्थ कोणता, हे सांगणे भ्रूणतज्ज्ञांच्या आवाक्याबाहेरचे होते. १९५३ साली स्टॅनली कोहेन हे जीवरसायनतज्ज्ञ त्यांच्याबरोबर काम करू लागले.

यापुढचा भाग तुम्ही मुळातूनच वाचायला हवा, कारण तो तुमच्याच शास्त्राचा आहे. अर्बुदाच्या अर्कातला क्रियाशील घटक प्रथिन आहे की न्यूक्लिइक आम्ल, हे ठरवण्यासाठी आर्थर कोर्नबर्ग यांच्या सूचनेवरून कोहेन यांनी अर्कात सापाचे विष मिसळले, कारण त्या विषात न्यूक्लिइक आम्ल तोडणारे विकर (एन्झाइम) असते. अर्काचा परिणाम नाहीसा झाला असता, तर घटक न्यूक्लिइक आम्ल आहे असे ठरले असते. घडले उलटेच: परिणाम कितीतरी पटींनी वाढला, कारण विषातच तो घटक अर्बुदापेक्षा अधिक होता. सापाची विषग्रंथी ही एका अर्थी लाळग्रंथीच, असा विचार करून कोहेन उंदराच्या लाळग्रंथींकडे वळले, आणि तिथून हे चेतावर्धक, म्हणजे चेतापेशींना जगवणारे, प्रथिन शुद्ध करण्याजोग्या प्रमाणात हाती आले. १९८६चे नोबेल या दोघांना मिळाले. विकराची ओळख, अर्काचे शुद्धीकरण आणि नियंत्रण-नमुन्याची शिस्त या गोष्टी तुम्ही एम.एस्सी.त शिकलाच आहात. त्यांच्याशिवाय तो शोध भ्रूणाच्या चित्रांपाशीच थांबला असता. तुम्हाला शिकायची आहे ती भ्रूणरचना आणि मेंदूची शरीररचना, आणि ती चांगल्या प्रयोगशाळेत सहा-आठ महिन्यांत कामापुरती येते. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्राणिशास्त्राच्या विभागात जीवरसायनतज्ज्ञासाठी कायमची जागा नव्हती, म्हणून कोहेन यांना १९५९ साली सेंट लुईसचे विद्यापीठ सोडून व्हँडरबिल्ट विद्यापीठात जावे लागले. दोन शास्त्रांच्या सीमेवर काम करणाऱ्याला प्रश्न चांगले सापडतात, पण पदांच्या जाहिराती एकाच शास्त्राच्या नावाने निघतात. हा त्रास आजही गेलेला नाही.

विषय बदलण्याची उदाहरणे शोधायला तुम्हाला बडोद्याबाहेर जावे लागणार नाही. वेंकटरामन रामकृष्णन यांनी १९७१ साली आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केली, १९७६ साली अमेरिकेत भौतिकशास्त्रातच पीएच.डी. मिळवली आणि त्यानंतर जीवशास्त्र शिकण्यासाठी ते पुन्हा विद्यार्थी म्हणून सॅन दिएगोला गेले. प्राध्यापकपदासाठी त्यांनी सुमारे ५० विद्यापीठांना अर्ज केले आणि एकाही ठिकाणी जमले नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. २००९चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यानंतरचे. त्यांचे वडील सी. व्ही. रामकृष्णन यांनी तुम्ही ज्या विभागात शिकता तो विभाग उभारला. आई आर. राजलक्ष्मी यांची पीएच.डी. मॅकगिल विद्यापीठाची आणि मानसशास्त्रातली, पण पुढे त्यांनी पोषणशास्त्रात काम केले. या दोघांनी प्रथिनांच्या कमतरतेचा मेंदूवर आणि शिकण्याच्या क्षमतेवर काय परिणाम होतो, याचा प्रयोगशाळेतल्या उंदरांवर बडोद्यातच अभ्यास केला होता. म्हणजे जीवरसायनशास्त्र आणि वाढता मेंदू यांची गाठ तुमच्या विभागात अर्धशतकापूर्वीच पडली आहे, आणि ते जुने लेख विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून तुम्ही वाचू शकता. बाबांना दाखवायलाही ते बरे.

आता प्रत्यक्ष विषयाकडे. ‘मन कसे घडते’ या उत्सुकतेने या क्षेत्रात शिरणारे पुष्कळ असतात. टिकतात ते बहुधा त्याहून फार लहान प्रश्नात रमणारे. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे हान्स स्पेमान यांच्या विद्यार्थिनी हिल्डे मॅन्गोल्ड यांनी न्यूट या उभयचर प्राण्याच्या भ्रूणातला एक इवलासा तुकडा दुसऱ्या, वेगळ्या रंगाच्या भ्रूणावर लावला, आणि त्या भ्रूणावर दुसरी चेतानलिका (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी), जवळजवळ दुसरा जुळा भ्रूणच, उगवला. रंगांवरून हेही कळले की नव्या चेतानलिकेच्या बहुतेक पेशी यजमान भ्रूणाच्याच होत्या. लावलेल्या तुकड्याने त्यांना फक्त तसे होण्याचा संकेत दिला होता. हे तंत्र इतके नाजूक होते की पुष्कळ प्रयत्नांनंतर मोजकेच भ्रूण जगले. निबंध १९२४ साली प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी हिल्डे पंचविसाव्या वर्षी घरात भाजून वारल्या, आणि १९३५चे नोबेल एकट्या स्पेमान यांना मिळाले. विज्ञानात श्रेयाची वाटणी नेहमी न्यायाने होते, असे तुम्हाला कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

हा संकेत देणारे रेणू कोणते, हे कळायला १९९०चे दशक उजाडले. तेव्हा नॉगिन आणि कॉर्डिन ही प्रथिने सापडली आणि लक्षात आले की ती काही नवा हुकूम देत नाहीत, तर बीएमपी नावाच्या दुसऱ्या प्रथिनांना अडवतात. ती अडवली गेली की पेशी आपसूक चेतापेशी होण्याच्या मार्गाला लागते. सत्तर वर्षे ‘संकेत’ म्हणून ज्याचा शोध चालला होता तो खरे तर एका संकेताला घातलेला आळा निघाला, हे मला या शास्त्रातले सर्वांत देखणे उत्तर वाटते. आणि विचाराचा हा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांच्या गटाने २००८ साली दाखवले की उंदराच्या भ्रूणात मेंदूच्या बाह्यकाच्या, म्हणजे बाहेरच्या थराच्या, पेशींमधून एलएचएक्स-टू हे जनुक अगदी सुरुवातीच्या काळात काढून टाकले, तर त्या पेशी बाह्यक न होता स्वतःच संकेतकेंद्र बनतात आणि शेजारच्या पेशींना हिपोकॅम्पस, म्हणजे स्मृतीशी निगडित असलेला भाग, होण्यास भाग पाडतात. तेच जनुक थोडे उशिरा काढले तर असे होत नाही. रेणू तोच, पेशी तीच, वेळ तेवढी वेगळी. रेण्वीय जीवशास्त्र आणि विकसनाचे चेताविज्ञान यांतला फरक विचारलात तर मी याच प्रयोगाकडे बोट दाखवीन: परीक्षानळीत रेणू काय करतो हे कळून भागत नाही, तो कुठे आणि कोणत्या दिवशी करतो हेही कळावे लागते.

या ‘कोणत्या दिवशी’पायीच रोजचे काम सोसावे लागते. नर-मादी एकत्र ठेवल्यावर दररोज सकाळी माद्या तपासायच्या, मीलनाची खूण दिसली की त्या दिवसापासून भ्रूणाचे वय मोजायचे, आणि ठरलेला दिवस रविवारी आला तर रविवारी प्रयोगशाळेत जायचे. आई-वडील दोघांतही जनुकाची एकेक सदोष प्रत असेल तर दोन्ही प्रती सदोष असलेला भ्रूण सरासरी चारांत एक मिळतो. आठ भ्रूण असतील तर दोन; प्रत्यक्षात कधी तीन, कधी एकही नाही. पीसीआर करून प्रत्येकाची जनुकीय ओळख पटवायची, ऊती स्थिर करायच्या, क्रायोस्टॅटवर गोठवून त्यांचे पातळ काप काढायचे, ते रंगवायचे आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली कळायचे की काप तिरके गेले. हे सांगून तुम्हाला घाबरवायचे नाही. कापांच्या पेटीसमोर संध्याकाळ गेली आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी पाय तिकडेच वळले, असे वर्षभर होत राहिले, तर तुमचे उत्तर तुम्हाला मिळाले. तसे झाले नाही तर एका वर्षाच्या मोबदल्यात तुमची पाच वर्षे वाचली.

उंदीर मारण्याबद्दल तुम्ही लिहिलेत ते बरे केलेत. पुष्कळजण हे लपवतात आणि मग दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळा सोडतात. भारतात १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांवर नियंत्रण आहे. प्रत्येक संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडून आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो आणि प्राण्यांची संख्या व वेदना कमीत कमी ठेवण्याची जबाबदारी संशोधकावर असते. तरीही हात थरथरत असेल तर त्याची लाज वाटू देऊ नका. अजिबात काही न वाटणाऱ्या विद्यार्थ्याची मला अधिक काळजी वाटते. शिवाय या शास्त्रात उंदीर हा एकच प्राणी नाही. फळमाशी पंचवीस अंश तापमानात सुमारे दहा दिवसांत अंड्यापासून प्रौढ होते, आणि भारतातली या क्षेत्रातली एक मोठी परंपरा तिच्यावरच उभी आहे: ओबेद सिद्दिकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी मुंबईत फळमाशीच्या गंध व रुची यांच्या जनुकांवर काम केले आणि पुढे सिद्दिकी यांनीच बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे केले. सी. एलेगन्स या सूत्रकृमीत अवघ्या ३०२ चेतापेशी असतात आणि त्यातली प्रत्येक पेशी कोणत्या पेशीपासून जन्मली हे ठाऊक आहे. झेब्राफिशचा भ्रूण पारदर्शक असल्यामुळे त्यात चेतातंतू वाढताना जिवंतपणी दिसतात. अर्थात माशीला सहा थरांचे बाह्यक नसते. तुम्हाला बाह्यकाचाच प्रश्न विचारायचा असेल तर सस्तन प्राण्याला पर्याय थोडे आहेत. म्हणून आधी प्रश्न ठरवा आणि मग प्राणी. बडोदे सोडणे लगेच शक्य नसेल तर तुमच्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात चौकशी करा. तिथे पालीच्या तुटलेल्या शेपटीच्या पुनर्निर्मितीवर पूर्वीपासून संशोधन झालेले आहे. नव्या शेपटीत मज्जारज्जू पूर्ण रचनेसह परत येत नाही, त्याच्या आतल्या अस्तराची नळी तेवढी वाढते. असे का होते, हा विकसनाच्या चेताविज्ञानाचाच प्रश्न आहे.

आता बाबांचा हिशेब. तो चुकीचा नाही, आणि तुम्ही तो भावनेने उडवून लावू नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. जानेवारी २०२३पासून जेआरएफची शिष्यवृत्ती महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनंतर एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ शिष्यवृत्तीधारक, झाल्यावर ४२,००० रुपये, आणि वसतिगृह मिळाले नाही तर वर घरभाडे. एका व्यक्तीचा खर्च यात भागतो. घरी पाठवायला फारसे उरत नाही. ही रक्कम वेळेवर येत नाही अशी तक्रार विद्यार्थी वारंवार करतात, म्हणून तीन-चार महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय घर सोडू नका. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे, त्यानंतरच्या संशोधनाला आणखी तीन ते पाच. म्हणजे स्वतंत्र पद मिळाले तरी तिशी ओलांडल्यावर, आणि अशी पदे पीएच.डी. होणाऱ्यांच्या मानाने फार थोडी. उरलेले लोक जनुकीय निदानाच्या प्रयोगशाळांत, औषध संशोधनात, अध्यापनात, विदा-विश्लेषणात जातात आणि त्यातले अनेक तिथे सुखी असतात. निवृत्तीनंतर घराचा मुख्य आधार तुमचा पगारच असणार असेल तर हे गणित जुळत नाही, हे स्पष्ट लिहितो. तसे नसेल, आणि पत्रावरून तसे वाटत नाही, तर बाबांना ‘माझे स्वप्न’ असे न सांगता एक कागद दाखवा: एक वर्षाचा प्रकल्प, त्या वर्षात द्यायच्या परीक्षा, आणि त्यातले काहीच जमले नाही तर कोणत्या तारखेपासून नोकरी शोधायची. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला तारीख घातलेली योजना समजते. आत्यांना एवढेच सांगा की लग्न आणि पीएच.डी. एकाच वेळी चालवलेले पुष्कळजण आहेत. मात्र स्थळ पाहताना दोन शहरांत राहावे लागेल हे पहिल्याच भेटीत सांगून टाका.

जेआरएफ हुकली म्हणून दार बंद झालेले नाही. नेट वर्षातून दोनदा असते. जैवतंत्रज्ञान विभागाची शिष्यवृत्ती परीक्षा वेगळी असते. टाटा संस्था आणि बंगळुरूचे केंद्र यांच्या जीवशास्त्र प्रवेशासाठी जेजीईईबीआयएलएस ही परीक्षा आहे आणि तिथे निवड झाल्यास नेटच्या जेआरएफवर अडून राहावे लागत नाही. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत आणि मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातही या विषयावर काम चालते. पण संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शकाचे नाव महत्त्वाचे. एखाद्या प्रयोगशाळेला पत्र लिहिण्यापूर्वी तिथले अलीकडचे दोन शोधनिबंध पूर्ण वाचा, आकृत्यांसह. त्यातली न समजलेली एक गोष्ट विचारा आणि तुमच्या हाताला येणारी तंत्रे चार ओळींत लिहा. ‘आदरणीय महोदय, मला मेंदूची खूप आवड आहे’ अशा पत्रांना उत्तर येत नाही. मुलाखतीला गेलात तर तिथल्या विद्यार्थ्यांशी मार्गदर्शक नसताना बोला: पीएच.डी.ला सरासरी किती वर्षे लागतात, आधीचे विद्यार्थी आता कुठे आहेत, कोणी मध्येच सोडून गेले का आणि का. शेवटच्या प्रश्नावर सगळे गप्प बसले तर तिथे जाऊ नका.

कंपनीला पंधरा दिवसांत होकार द्यायचा आहे, त्यामुळे क्रम असा ठेवा. आजच पाच-सहा प्रयोगशाळांना पत्रे पाठवा आणि कंपनीकडे रुजू होण्याची तारीख महिनाभर पुढे ढकलून मागा. अशी विनंती करण्यात गैर काही नाही. त्या मुदतीत प्रकल्पाची जागा मिळाली तर कंपनीला नम्रपणे नकार कळवा. मिळाली नाही तर नोकरी घ्या, एचपीएलसीवरचे (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावरचे) काम आणि नोंदींची शिस्त मनापासून शिका, आणि पुढच्या परीक्षेचा अर्ज पहिल्याच महिन्यात भरा. ‘थोडी स्थिरता आली की भरू’ असे म्हणणाऱ्यांचे अर्ज सहसा राहूनच जातात. करारात ठरावीक काळ सोडता न येण्याची किंवा सोडल्यास पैसे भरण्याची अट आहे का, हे सही करण्यापूर्वी बाबांकडून वाचून घ्या.